आभार मानायचे नाहीत

आयर्लंडमधल्या खेड्यात कुणाकडे 'क्युअर', म्हणजे एखाद्या दुखण्यावरचा गावठी उतारा, घ्यायला गेलात, तर निघताना थँक यू म्हणायचं नाही. पैसेही द्यायचे नाहीत. फारच वाटलं तर अंडी, चहाचा पुडा, एखादी बाटली घेऊन जावं आणि ती कशाबद्दल हे न बोलता टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून द्यावी. आभार मानलेत तर गुण येत नाही.

हे वाचायला सोपं आहे. पण हा देश येताजाता आभार मानणाऱ्यांचा आहे. बसमधून उतरताना म्हाताऱ्या बायका, कॉलेजची पोरं, हातात बाळ असलेले बाप, सगळे ड्रायव्हरला मोठ्याने 'थँक्स' म्हणतात. दुकानात सुटे पैसे परत घेताना गिऱ्हाईक आणि दुकानदार एकमेकांचे इतक्या वेळा आभार मानतात, की नक्की कुणी कुणावर उपकार केले ते कळेनासं होतं. अशा लोकांनी स्वतःच एक जागा राखून ठेवली आहे, जिथे तोंडातून तो शब्द निघता कामा नये.

मी कॅव्हन परगण्यात राहते. इथे गुरांचे गोठे, पाऊस आणि तळी या तीन गोष्टींना तोटा नाही, आणि चौथी गोष्ट म्हणजे हे क्युअर. नायटा, चामखीळ, रांजणवाडी, कावीळ, भाजलेलं, मुरगळलेलं, रक्त न थांबणं, लहान मुलांच्या तोंडातला पांढरा थर, अशा प्रत्येक दुखण्यासाठी कुठल्या तरी गावात कुणीतरी असतं. तो शेतकरी असेल, शाळेतली शिपाईण असेल, ट्रक चालवणारा असेल. दारावर पाटी नसते, जाहिरात करायची नसते. आपण विचारल्याशिवाय त्याने आपण होऊन पुढे यायचं नसतं. सोमवारी आणि गुरुवारी जायचं, बहुतेकदा तीन वेळा. आणि ज्याच्याकडे नायट्याचा क्युअर आहे त्याला कावीळ विचारायची नाही. त्याला त्यातलं काही येत नाही, आणि येतं असं तो म्हणतही नाही.

मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. एक माणूस, एक दुखणं. त्याबाहेर तो तुमच्याआमच्यासारखाच अडाणी.

हे एकेक दुखणं माणसाच्या वाट्याला येतं कसं, ते त्याहून मजेशीर. सातव्या मुलाचा सातवा मुलगा हा तर ठरलेला वैद्य. जन्मल्यावर त्याच्या मुठीत गांडूळ द्यायचं, ते मेलं की त्याच्या हाताला गुण आहे हे सिद्ध. बापाचं तोंडही न पाहिलेलं मूल, म्हणजे बाप गेल्यावर जन्मलेलं, दुसऱ्या बाळाच्या तोंडात फुंकर घालून तो पांढरा थर घालवू शकतं. लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव एकच असलेल्या बाईच्या हातचा पाव डांग्या खोकल्यावर चालतो. त्याच खोकल्यासाठी पांढऱ्या घोड्यावरून जाणाऱ्या कुणालाही थांबवून 'डांग्या खोकल्यावर काय द्यावं?' असं विचारायचं, आणि त्या बिचाऱ्याच्या तोंडाला येईल ते द्यायचं. पाणथळीतला सरड्यासारखा दिसणारा न्यूट नावाचा प्राणी ज्याने चाटला, त्याची जीभ भाजलेल्या जागेवर औषध होते. क्यो नावाच्या घराण्यातल्या माणसाच्या रक्ताचे थेंब नागिणीवर आणि धावऱ्यावर लावत.

न्यूट चाटणारा सोडला तर यातल्या कुणी साधना केलेली नाही, कुणी गुरू केलेला नाही. जन्माने, लग्नाने किंवा नुसत्या घोड्याच्या रंगाने ते त्यांच्यावर येऊन पडलं आहे. हे वाचताना मला आमच्या गावचे एक पायाळू काका आठवले. कुणाची उसण भरली, पाठीत चमक आली, की लोक त्यांच्यासमोर पालथे पडत, आणि काका चहा पिता पिता उठून पाठीवर डावा पाय लावून परत चहाला बसत. आईच्या पोटातून पाय आधी बाहेर आले, एवढंच त्यांचं कर्तृत्व. त्याचा त्यांनी कधी तोरा मिरवला नाही आणि कधी नाही म्हटलं नाही.

क्युअर असे तुकड्यातुकड्यांनी का वाटले गेले, याची एक कथा आयरिश पुराणात आहे. कुणी ती या प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगत नाही, मीच जोडते आहे. देवांचा वैद्य डियन केख्त याला स्वतःच्या मुलाचा, मियाखचा मत्सर वाटला, कारण मुलाचा हात बापापेक्षा सरस निघाला. बापाने त्याला मारलं. मियाखच्या थडग्यावर ३६५ वनस्पती उगवल्या, त्याच्या शरीराच्या एकेका सांध्यासाठी आणि शिरेसाठी एकेक. बहीण आर्मेद हिने आपला झगा पसरला आणि कुठली कशावर चालते त्याप्रमाणे त्या नीट लावून ठेवल्या. बापाने येऊन झगा झटकला आणि सगळी सरमिसळ करून टाकली. तेव्हापासून सगळ्या वनस्पतींचे गुण कुणालाच ठाऊक नाहीत. मला वाटतं, त्या झटक्यात उडालेली एकेक काडी एकेका घरात जाऊन पडली.

अर्थात इतिहास इतका काव्यमय नाही. मध्ययुगात आयर्लंडमध्ये वैद्यांची रीतसर घराणी होती. त्यांच्याकडे लॅटिनमधून आयरिशमध्ये उतरवलेल्या पोथ्या होत्या, आणि त्या लॅटिनमागे अरबी वैद्यकही होतं. आमच्या शेजारच्या फरमॅना परगण्यात मग्वायर सरदारांच्या पदरी ओ कासिजे नावाचं वैद्यघराणं होतं, आजच्या कॅसिडींचे ते पूर्वज. १७व्या शतकात इंग्रजांनी सरदारच हुसकून लावल्यावर वैद्यांचा आश्रय गेला. बऱ्याच पोथ्या आता डब्लिनच्या ग्रंथालयांत आहेत.

या सगळ्याची नोंद झाली ती मुलांमुळे. १९३५मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला, आणि १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गातल्या मुलांना कामाला लावण्यात आलं. घरी जा, आजीआजोबांना विचारा आणि वहीत लिहून आणा. विषयांच्या यादीत भुतंखेतं, हवामानाचे ठोकताळे आणि गावठी औषधंही होती. जवळजवळ ७,४०,००० पानं जमली. आता ती इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात, शाईच्या डागांसकट. माझ्या कित्येक रात्री त्यात गेल्या आहेत. रांजणवाडीवर गूजबेरीचे दहा काटे घ्या, नऊ रोखा आणि दहावा खांद्यावरून मागे फेका. गालगुंड झालं तर मुलाला गाढवाची लगाम घालून डुकरांच्या खोपट्याकडे न्या आणि डुकराला सांगा, हे घे तुझं गालगुंड. मोडलेल्या हाडावर कॉम्फ्री नावाची वनस्पती, छातीत कफ झाला तर कॅरागीन नावाचं समुद्री शेवाळ दुधात उकळून, कापलं तर कोळ्याचं जाळं. कावीळ झाली तर बार्बेरीची साल, कारण ती आतून पिवळी असते. पोरांनी हे सगळं अगदी निर्विकारपणे लिहिलं आहे. कुठे 'असा समज आहे' नाही, की 'अंधश्रद्धा' नाही. काटे दहा, आणि पुढचा विषय.

त्याआधी हे काम ज्यांनी केलं त्यांत डब्लिनचे नेत्र आणि कर्णतज्ज्ञ सर विल्यम वाइल्ड होते. ऑस्कर वाइल्डचे वडील. पश्चिमेकडच्या गरीब रुग्णांकडून ते फीऐवजी गोष्टी आणि तोडगे घेत, असं सांगतात. ते गेल्यावर पत्नीने ती टिपणं पुस्तकरूपाने काढली. सर्जनने शेतकऱ्याचे डोळे तपासायचे आणि शेतकऱ्याने त्याला डोळ्यांवरचा तोडगा सांगायचा, हा व्यवहार मला फार आवडतो.

माझी स्वतःची पाळी आली ती एका थंडीत, बरगडीखाली आग पेटल्यावर. दुसऱ्या दिवशी पुरळ उठलं, डॉक्टरांनी बघताक्षणी शिंगल्स म्हणून सांगितलं, आपल्याकडची नागीण. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो आणि वर्षांनी उठतो. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर बरं, आणि त्या झाल्या. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी, पन्नाशी ओलांडलेली, घरी दुभती जनावरं असलेली बाई म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊन आलीस ना? बरं झालं. मग क्युअर कुणाचा घेतेयस?"

घेणार का, असं तिने विचारलंच नाही. पाठोपाठ एक फोन नंबर कागदावर आला.

सत्तरीचा शेतकरी होता. स्वयंपाकघरात टीव्हीचा आवाज बंद करून गेलिक फुटबॉलची मॅच चालू होती, पायात रबरी बूट, खुर्चीखाली कुत्रा. त्याने माझं नाव विचारलं, ते दोनदा म्हणून बघितलं, कुठून सुरू झालं ते विचारलं. मग हात अंगाला न लावता जरा अंतरावर धरून ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं. पाच मिनिटंही लागली नसतील. "गोळ्या चालू आहेत ना? त्या बंद करू नकोस," एवढं बजावून तो वासरांबद्दल बोलायला लागला. मी उठताना म्हणाला, "आणि दोन टोकं जुळणार नाहीत. काळजी करू नकोस."

मी त्याला टोकांबद्दल काहीही बोलले नव्हते. नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळलं की माणूस जातो, हे माझ्या आजीने मला सांगितलं होतं, आणि बरगडीखाली आग पेटल्यापासून मी रोज आरशासमोर पाठ वळवून बघत होते. डॉक्टरांना हे विचारायची मला लाज वाटली. विचारलं असतं तर त्यांनी नीट समजावलं असतं, की ज्या मज्जातंतूच्या वाटेने हे पसरतं तो शरीराच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे ते सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. पण हीच भीती कॅव्हनमध्येही आहे, अगदी तशीच, आणि या माणसाकडे येणारा प्रत्येक जण ती घेऊनच येतो. त्याला ती विचारावी लागत नाही.

निघताना जीभ चावावी लागली. नवऱ्याने गाडीत विचारलं, "थँक यू म्हणाली नाहीस ना?" नाही म्हटलं, पण ते आपल्याला काही जड जाऊ नये. आपल्या घरांत आभार मानतो कोण? आईने पान वाढलं, काकांनी स्टेशनवर सोडलं, वहिनीने रात्रभर जागून मूल सांभाळलं, त्यावर कुणी आभार मानले तर समोरचा दचकेल. 'मला परकी समजतेस का?' म्हणून रागावेलही. आभार मानले की देवाणघेवाण मिटते, आणि काही ठिकाणी ती मिटवायची नसते. आयर्लंडमधल्या लोकांना हे त्यांच्या रोजच्या वागण्यात चालत नाही, म्हणून त्यांनी त्याचा मुद्दाम नियम केला असावा.

मी बरी झाले. गोळ्यांनी आणि काळाने, असं माझं मत आहे, आणि ऑफिसातल्या बाईचं वेगळं आहे. क्युअर ज्या दुखण्यांवर चालतात त्यांची यादी पाहा. चामखीळ, रांजणवाडी, नागीण, डांग्या खोकला, अंगावर उठणाऱ्या गांधी, यातली बहुतेक दुखणी आपली मुदत संपली की आपोआप जातात. क्षयाचा क्युअर असलेलं घराणं माझ्या ऐकण्यात नाही. लोकांनाही हे कुठेतरी ठाऊक असावं.

पण सगळेच एका दुखण्यावर थांबणारे नव्हते. क्लेअर परगण्यातल्या फीकलजवळ बिडी अर्ली नावाची बाई होती, १७९८ ते १८७४. तिच्याकडे एक निळी बाटली होती, तीत पाहून ती माणसाला काय झालंय, कशामुळे झालंय आणि तो जगेल की नाही हे सांगायची. पैसे ती घेत नसे, पण व्हिस्की आणि खाण्याच्या वस्तू घेई, त्यामुळे घरात ददात नसे. नवरे चार झाले. गावच्या पाद्र्यांशी उभा दावा होता. १८६५मध्ये जुन्या चेटूकविरोधी कायद्याखाली तिला एनिसच्या कोर्टात उभं केलं होतं आणि साक्षीला कुणी पुढे न आल्याने खटला बारगळला, असं तिच्याबद्दल सांगतात. ती गेल्यावर बाटली किलबॅरनच्या तळ्यात फेकली गेली म्हणे. लोक अजून ती बाटली शोधतात. मला बिडी आवडते. जमीनदारांना आणि धर्मगुरूंना न घाबरणारी गरीब बाई कुणाला आवडणार नाही? तरी ती बाटली मला त्या शेतकऱ्याच्या पुटपुटण्यापेक्षा वेगळी वाटते. तो फक्त उतारा देत होता. ती कारण सांगत होती.

कारण सांगणं कुठवर जातं, ते १८९५मध्ये टिपेररी परगण्यातल्या बॅलीवॅडली इथे दिसलं. ब्रिजेट क्लिअरी, वय २६, शिवणकाम करायची, घरात स्वतःचं शिलाई मशीन, स्वतःच्या कोंबड्या आणि अंड्यांचा पैसा. मार्चमध्ये अंडी पोचवायला गेली आणि थंडी भरून आली. डॉक्टरला निरोपावर निरोप गेले, तो यायला दिवस लागले. तोवर जॅक डन नावाच्या नात्यातल्या म्हाताऱ्याने खाटेवर पाहून म्हटलं, ही ब्रिजेट नव्हेच. टेकडीवरच्या अदृश्य लोकांनी खरीला उचलून नेलं आहे आणि तिच्या जागी हे दुसरंच काहीतरी ठेवलं आहे. नवऱ्याने ते धरून ठेवलं. एका वैदूकडून आणलेला झाडपाला दुधात उकळून बाप, आत्या, आतेभाऊ यांनी हातपाय धरून तिला बळेच पाजला, पुन्हा पुन्हा नाव विचारलं. १५ मार्चच्या रात्री नवऱ्याने तिला चुलीसमोर जाळलं. मग तो किल्ल्यासारख्या त्या टेकडीवर तीन रात्री जाऊन थांबला, खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येईल म्हणून. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला २० वर्षांची शिक्षा झाली, त्यातली १५ त्याने भोगली.

या घटनेवर इंग्रजी वर्तमानपत्रांनी तेव्हा आयरिश माणूस रानटी आहे म्हणून अग्रलेख लिहिले, कारण आयर्लंडच्या स्वराज्याचा वाद पेटलेला होता. ते सोडून देऊ. मला दिसतं ते हे, की झाडपाल्याने ब्रिजेट मेली नाही. 'ही ती नव्हे' या निदानाने ती मेली. नागिणीवाला किंवा चामखीळवाला कधी सांगत नाही की तुला हे कुणी केलं, कुणाची नजर लागली, घरातलं कोण तुझ्यावर टपलं आहे. आपल्याकडेही अंगारा देणारा गरीब बुवा आणि 'हे तुमच्या धाकट्या जावेने केलंय' म्हणणारा देवऋषी यांत हाच फरक आहे, आणि दुसऱ्यापायी किती बायकांना गाव सोडावं लागलं ते महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. १८५१च्या कायद्याने आयर्लंडमध्ये गरिबांसाठी दवाखाने निघाले होते. डॉक्टरने घरी यावं म्हणून लाल चिठ्ठी मिळवावी लागे. ब्रिजेटच्या दारी डॉक्टर वेळेवर आला असता तर म्हाताऱ्याच्या बोलण्याला इतकी जागा मिळाली नसती, असं वाटत राहतं.

आता थोडं बोहोबद्दल. फरमॅनामधलं हे खेडं, उच्चार नुसता 'बो'. तिथल्या चर्चच्या आवारात १८१५मध्ये वारलेल्या जेम्स मॅकगर या पाद्र्याचं थडगं आहे. जिवंतपणी मी जे बरं करत होतो ते मी गेल्यावर माझ्यावरची माती बरं करील, असं तो म्हणाल्याचं सांगतात. दातदुखीसारख्या दुखण्यावर लोक चमचाभर माती फडक्यात बांधून नेतात, उशाखाली ठेवतात आणि चार दिवसांत परत आणून टाकतात. परत न केली तर अपशकुन. त्याच भागाशी नातं असलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जेरी क्विन आणि वेल्समधल्या स्वॉन्सी विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी त्या मातीतून स्ट्रेप्टोमायसिस जातीचा एक नवा जिवाणू वेगळा काढला, आणि २०१८मध्ये प्रसिद्ध केलं, की औषधांना दाद न देणाऱ्या एमआरएसएसारख्या कित्येक जंतूंची वाढ तो प्रयोगशाळेत रोखतो. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध याच कुळातून आलं होतं, १९४३ साली.

ही बातमी आली तेव्हा इथे लोक असे खुश झाले, जणू पाद्र्याला डॉक्टरेट मिळाली. मी पण झाले. पण काचेच्या बशीत जंतू रोखणं वेगळं आणि फडक्यात बांधून उशाखाली ठेवणं वेगळं. दातदुखी उशीतून कशी जाईल, याचं उत्तर त्या जिवाणूकडे नाही. विज्ञानाने मातीला दुजोरा दिला, तोडग्याला नाही. तरीही कुतूहल शाबूत ठेवून, आजीच्या उशाखालची पुरचुंडी सूक्ष्मदर्शकाखाली नेणारा माणूस त्याच मातीतला निघाला याचं मला कौतुक आहे. बाहेरच्याने ती एक तर हसून सोडली असती किंवा तिचं पेटंट घेतलं असतं.

सध्या आमच्या ऑफिसात वेगळाच वाद चालू आहे. त्या शेतकऱ्याला आता गाडी चालवत नाही, गुडघे गेले. क्युअर पुढे द्यायला हवा. बऱ्याच घरांत रीत अशी की पुरुषाने बाईला द्यायचा आणि बाईने पुरुषाला. त्याला मुलगी एकच, आणि ती सिडनीत नर्स आहे. तिने घ्यायची तयारी दाखवली आहे. पण ती मंत्र म्हणणार फोनवरून, आणि तिथला सोमवार आपल्या आधी उगवतो. माझी शेजारीण म्हणते, चालेल, प्रार्थनेला कसला आलाय टाइम झोन. तिची थोरली बहीण म्हणते, अजिबात नाही, आणि शिवाय व्हिडिओ कॉल बंद करताना ही पोरं सवयीने थँक यू म्हणून मोकळी होतील, त्याचं काय?